छाटणीची तारीख कळव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन-अनुदानाचा प्रस्ताव वाचला. नेटका आहे, मंजूरही होईल. पण गेल्या वर्षी निफाडच्या द्राक्षबागेत तू विचारलेला प्रश्न त्यात नाही. एकाच ओळीतल्या एका झाडावर डाऊनी (पानांवरचा बुरशीसारखा रोग) आणि शेजारचं झाड स्वच्छ, असं का? प्रस्तावात प्रत्येक तिमाहीची ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ आधीच लिहावी लागते. ज्याचं उत्तर ठाऊक नाही, ते तिथे कसं लिहिणार?

माझंही असंच झालं. अनुदान फेब्रुवारीत आलं, ३१ मार्चच्या आत संपवायचं होतं. डाऊनी पाहायची ती ऑक्टोबर छाटणीनंतर, कोवळ्या फुटीवर, पाऊस-दव असताना. मार्चमध्ये बागेत माल काढणी चाललेली. सूक्ष्मदर्शकाची फाईल टेबलांवरून फिरत राहिली आणि दोन हंगाम हातचे गेले. मग मी प्रश्नच बदलला, मार्चपर्यंत उरकेल असा घेतला. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, मीच बदलला. ते आजही सलतं.

आपल्या देवळालीचे गणितज्ञ कापरेकर शाळेत शिकवत. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घे, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. पदव्युत्तर पदवी नसलेल्या माणसाने हे शोधलं. १९७५ साली अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे कापरेकरांचं नाव जगात पोचलं. पण त्यांचा दाखला देऊन ‘संस्था हवीच कशाला’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. कापरेकरांना वही-पेन्सिल पुरायची, तुला प्रयोगशाळा लागणार.

म्हणून खरेदीचे नियम स्वतः वाच, लेखा विभागातल्या माणसांशी ओळख ठेव, मागणीपत्र एप्रिलमध्येच दे. शोधनिबंधांची संख्या मोजली जाते म्हणून एका निरीक्षणाचे तीन तुकडे करू नकोस. अवघड आहे, बढती अडू शकते. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनीही नोबेल मिळालं त्या २०१३ साली सांगितलं होतं, की आजच्या व्यवस्थेत आपल्याला कुणी नोकरी दिली नसती.

त्या दोन झाडांसाठी वेगळी वही कर. दर शनिवारी सकाळी बागेत जा, पानं उलटून बघ, दिसेल ते लिही. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

बागवाल्या काकांना यंदाच्या छाटणीची तारीख विचारून मला कळव. पहिल्या शनिवारी मीही येतो.

तुझा,
सर