दुखरा खुबा उजवा असेल, तर काठी डाव्या हातात

आपल्या आईंचा उजवा खुबा झिजला आहे, काठी त्या उजव्याच हातात धरतात आणि तरीही चालताना कळ येते, हे वाचून, उजवा खुबा दुखत असताना मीही चुकीच्या हातात काठी धरून काढलेले चार महिने आठवले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधे किंवा शस्त्रक्रिया यांविषयी बोलणार नाही. पण काठीचा हात बदलण्याविषयी आपल्या डॉक्टरांना उद्याच विचारा.

एका पायावर भार आला की खुब्याचा सांधा टेकू होतो. त्याच्या आतल्या बाजूला शरीराचे वजन असते आणि बाहेरच्या बाजूला कुल्ल्याचा स्नायू कंबरेचे हाड खाली ओढून तोल सांभाळतो. एक बाजू आखूड असलेली कावडच ती, आणि आखूड बाजू नेमकी स्नायूच्या वाट्याला आलेली. ढोबळ हिशेब असा: 60 किलोंच्या व्यक्तीचे, टेकलेला पाय वगळता, 50 किलो वजन सांध्यापासून 10 सेंटीमीटरवर धरले आणि स्नायू 5 सेंटीमीटरवर, तर त्याला 100 किलोंइतके ओढावे लागते व सांध्यावर एकूण 150 किलो येतात. डाव्या हातातली काठी मात्र उजव्या खुब्यापासून सुमारे 50 सेंटीमीटरवर टेकते. तिच्यावर केवळ 5 किलोंचा रेटा दिला तरी स्नायूचे ओढणे निम्मे होते आणि सांध्यावरचा भार 95 किलोंच्या आसपास उतरतो. दुखऱ्या बाजूला धरलेल्या काठीला ही लांबी मिळत नाही. धड तिकडे कलते, एवढाच काय तो आराम.

ज्या उपचारकेंद्रात मी आठवड्यातून दोनदा जात होते, तिथे मला चुकीच्या हातात काठी घेऊन येताना सगळे पाहत होते. व्यायामाचे कागद मिळाले, पैशांच्या पावत्या मिळाल्या, पण हे एक वाक्य कोणी बोलले नाही, याचा मला आजही संताप येतो. शेवटी उजवे मनगट सुजले, म्हणून नाइलाजाने काठी डावीकडे घेतली आणि दाराच्या उंबऱ्यापर्यंतची पाच-सहा पावले कळ न येता पडली.

काठी दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकावी. चपला घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीशी यावी आणि खालचे रबरी बूच झिजलेले नसावे. भाजीची पिशवी घ्यावीच लागली, तर ती हलकी असावी आणि दुखऱ्या बाजूच्या हातात असावी. ते वजन टेकूच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे स्नायूच्या मदतीला येते.