मॉडेल ए रोडस्टर पिकअप: आधी ब्रेक, मग इंजिन

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेली गाडी, बनवायला १९२८-२९ ची फोर्ड मॉडेल ए निवडलीत, झकास! पण व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, शोधायची घाई नको. मूळ ब्रेक सळ्यांवर चालणारे. वाढलेल्या ताकदीपुढे ते तोकडे पडतात. १९३९-४८ च्या फोर्डचे हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ड्रम ब्रेक आधी बसवा.

चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पट्ट्या इंग्रजी सी आकाराच्या, त्यामुळे पीळ खातात. आतून साधारण ३ मिमी पत्रा लावून पेटी करा. वेल्डिंग मात्र इंचभर इकडे, इंचभर तिकडे. सलग ओढलंत की चेसिस वाकलीच.

नवखे हमखास फसतात ते दारांपाशी. रोडस्टरला छप्पर नाही, म्हणून बॉडी सैल. ती चेसिसवर बोल्टने आवळा, आत आडवे पाइप टाका, दारांच्या फटी जुळवा आणि मगच वेल्डिंग. रंग? सगळ्यात शेवटी.