मुलाला अजून कोणती थेरपी लावू?

“माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. दोन-तीनच शब्द बोलतो, हाक मारली तर दर वेळी बघत नाही, चालायलाही उशिरा लागला. डॉक्टरांनी डेव्हलपमेंटल डिले आहे असे सांगितले. आम्ही ओटी (व्यवसायोपचार), स्पीच आणि स्पेशल एज्युकेशन अशा तिन्ही थेरपी लावल्या, तरी म्हणावा तसा फरक दिसत नाही. आता अजून काय लावू?” लहान मुलांच्या विकासातील विलंबामुळे माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. त्याचे उत्तर थेरपींची यादी वाढवून देता येत नाही, असे माझे मत कामाच्या अनुभवातून पक्के होत गेले आहे. ज्या कुटुंबाचा हा प्रश्न आहे, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, त्यांची वाट कशी सापडत गेली ते येथे मांडते. मुलाला आपण चिनू म्हणू.

कुटुंब फलटण तालुक्यातील. वडील साखर कारखान्यात नोकरीला, आई शिवणकाम करणारी, घरात आजी. चिनू वेळेआधी जन्मला होता आणि पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होता. बसणे, चालणे सगळेच मागे पडत गेले, मात्र चिनूचे वडीलही उशिरा बोलायला लागले होते असे आजींनी सांगितल्यामुळे घरचे निश्चिंत राहिले. दोन वर्षे उलटल्यावर काळजी वाढली आणि मग धावपळ सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस पहाटेची एसटी पकडून आई त्याला पुण्याला न्यायची. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास, तिथे एकापाठोपाठ एक सत्रे, आणि रात्री घरी पोचेपर्यंत मूल रडून-रडून झोपलेले. शिवणकाम बंद पडले होते, सोसायटीतून कर्ज काढले होते, आणि इतके करूनही आपण कमी पडतो आहोत, ही भावना आईच्या बोलण्यातून सतत डोकावत होती.

मी तिला विचारले, “सत्रात ताई त्याच्याकडून काय करून घेतात?” ती म्हणाली, “मॅडम, आम्हाला बाहेर बसवतात. आत काय होतं ते मला ठाऊक नाही.” मग मी विचारले की घरी असतानाच्या चार दिवसांत ती चिनूशी केव्हा खेळते. यावर ती बराच वेळ गप्प राहिली. प्रवासाचा शीण, साचलेली घरकामे आणि पुढच्या फेरीची तयारी यांतून खेळायला वेळ उरतच नव्हता, आणि तो शांत राहावा म्हणून त्याच्या हातात मोबाईल दिला जात होता.

येथे एक साधा हिशेब पालकांनी मनाशी मांडून पाहावा, असे मला वाटते. या वयाचे मूल आठवड्यात साधारण ८० तास जागे असते. सगळ्या थेरपी नियमित केल्या तरी त्यांतले चार-पाच तास थेरपिस्टच्या खोलीत जातात, आणि उरलेले पंच्याहत्तर तास घरात, अंगणात, अंगणवाडीत, नातेवाइकांमध्ये जातात. मूल भाषा, हातांचा वापर, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हवे ते मागणे हे सारे याच तासांत शिकत असते. त्यामुळे चांगल्या थेरपीची माझी पहिली कसोटी अशी की, तिथून बाहेर पडताना आईबाबांना या आठवड्यात घरी नेमके काय करायचे हे कळलेले असले पाहिजे. पालकांना कायम दाराबाहेर ठेवणाऱ्या ठिकाणी उपकरणे कितीही रंगीबेरंगी असली, तरी त्या कसोटीवर ती जागा उतरत नाही. आठवड्यातून निदान एका सत्रात आत बसू देण्याची मागणी करणे हा पालकांचा हक्क आहे आणि ती संकोच न करता करावी.

चिनूच्या फायलीत बरेच अहवाल होते, परंतु ऐकण्याची तपासणी त्यात नव्हती. टीव्हीवरच्या जाहिरातीचा आवाज आला की तो धावत येतो, म्हणजे ऐकू येते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे, कारण मोठे आवाज ऐकू येणारे मूलही शब्दांतले बारीक फरक ऐकू शकत नसेल, अशी शक्यता असते. अगदी लहान किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलाची बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला कानाची नस व मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्राने मोजणारी तपासणी, झोपेत करता येते. चिनूच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचल्याचे आढळले आणि कान-नाक-घसातज्ज्ञांकडे त्यावर उपचार झाले. त्याचा विलंब एवढ्यामुळेच होता असे नाही, तथापि ऐकू कमी येत असताना महिनोन् महिने स्पीच थेरपी चालू राहिली होती, याचे मला फार वाईट वाटले. डोळ्यांची तपासणी, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन यांबाबतही बालरोगतज्ज्ञांना विचारावे. विलंब एकापेक्षा अधिक क्षेत्रांत असेल, तर शक्य झाल्यास एकदा तरी बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांकडून मुलाचा साकल्याने विचार करून घ्यावा. मात्र नेमके निदान होईपर्यंत काहीच सुरू करू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. या वयात निदान ठरायला वेळ लागतो, काही वेळा ते पुढे बदलतेही. मदत मात्र आजच सुरू करता येते, आणि मूल पुढे आपसूक बरोबरीला आलेच, तरी त्या मदतीने त्याचे काही बिघडत नाही.

त्यानंतर आम्ही तिन्ही थेरपिस्टशी बोलून उद्दिष्टे नव्याने लिहिली. आधीच्या कागदावर ‘एकाग्रता वाढवणे’, ‘संवेदनांचे नियमन’ असे शब्द होते, जे चुकीचे नव्हते, परंतु त्यांतून आईला काही करता येत नव्हते. नव्या कागदावर तीनच गोष्टी ठेवल्या: हवी ती वस्तू बोट दाखवून किंवा आवाज काढून मागणे, निम्मे जेवण स्वतःच्या हाताने जेवणे, आणि कोणाबरोबर तरी पाच मिनिटे एकच खेळ खेळणे. पुण्याची फेरी आठवड्यातून एकदाच ठेवली, त्या दिवशी ओटी व स्पीच दोन्ही, आणि दोन्हींत आई आत. सत्रे कमी करताना तिला अपराधी वाटत होते, हे मी येथे आवर्जून नोंदवते, कारण कमी सत्रे म्हणजे मुलावर अन्याय अशी समजूत पालकांमध्ये खोलवर रुजलेली असते.

घरचे काम वेगळा तास काढून करायचे नव्हते. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, दिवेलागण, दळण निवडणे या रोजच्याच गोष्टींत ते बसवायचे होते. आंघोळीच्या वेळी पाण्याचा तांब्या वर धरून आईने थांबायचे, चिनूकडे बघायचे आणि मनात दहापर्यंत मोजायचे. त्याने बघितले, हात पुढे केला किंवा नुसता आवाज जरी काढला, तरी लगेच ‘पाणी’ असे म्हणून पाणी ओतायचे. सुरुवातीला दहापर्यंत मोजणे तिला फार अवघड गेले, कारण तोवर मुलाने मागण्याआधीच सर्व काही हातात देण्याची घराला सवय होती. दुसरी सवय प्रश्नांची होती. “हे काय? हा रंग कोणता? काऊ कुठंय?” अशी दिवसभर परीक्षा चालायची आणि उत्तर येत नसल्याने दोघेही कंटाळायचे. त्याऐवजी चिनू ज्या गोष्टीकडे बघत असेल तिच्याविषयीच एक-दोन शब्द बोलायचे, असे ठरले. तो पातेल्यांची झाकणे वाजवत असेल तर आपणही शेजारी बसून झाकण वाजवायचे आणि ‘ढण्’ म्हणायचे. मागताना दोन वस्तू समोर धरायच्या, ‘केळं की चपाती?’ असे म्हणायचे आणि तो ज्याकडे बघेल ते द्यायचे. हाताची पकड सुधारण्यासाठी थेरपिस्टनी कणकेचे गोळे आणि शेंगा सोलणे सुचवले, शेंगा अर्थात कोणीतरी जवळ बसूनच. मोबाईल एकदम बंद न करता आधी जेवणाच्या वेळचा बंद केला.

यात आजींचा वाटा सर्वांत मोठा ठरला. पहिल्या भेटीत त्या नाराज होत्या, कारण सुनेला कोणी दोष देत नाही आणि आपल्या पोराच्या खेपेला असले काही करावे लागले नव्हते, हे त्यांना सांगायचे होते. सुनेने गरोदरपणात ग्रहणात विळी हातात घेतली होती, असेही त्यांच्या मनात होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वेळेआधी झालेला जन्म, वजन कमी असणे, जन्मानंतरची गुंतागुंत, काही जनुकीय कारणे यांचा विकासावर परिणाम होऊ शकतो, अनेकदा सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही, आणि ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, एवढे मी सुनेच्या समोरच स्पष्टपणे सांगितले. मग आजींना विचारले की चिनू सर्वांत जास्त वेळ कोणापाशी शांत बसतो. “माझ्यापाशीच की!” त्या म्हणाल्या. तेव्हापासून सायंकाळची पाच मिनिटे त्यांची झाली. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द न म्हणता थांबायचे आणि त्याच्याकडे बघायचे, एवढेच मी त्यांना शिकवले. चिनूचा पहिला नवा शब्द त्या पाच मिनिटांत आला.

खर्चाबाबतही काही गोष्टी या कुटुंबाला माहीत नव्हत्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करावी, आणि ज्या मुलांत जन्मजात दोष, आजार, कमतरता किंवा विकासातील विलंब आढळेल त्यांना पुढे पाठवावे, अशी त्यात योजना आहे. पुढील तपासणी व थेरपीसाठी जिल्हा पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते आणि तेथील सेवा मोफत असतात. चिनूच्या अंगणवाडीताईंनी खरे तर वर्षभरापूर्वीच चिठ्ठी दिली होती, ती देवघराच्या खणात पडून होती. साताऱ्याच्या केंद्रात पंधरवड्यातून एकदा जाणे त्यांना जमू लागले. गर्दी असते, थांबावे लागते, परंतु फिजिओथेरपी आणि कानाची फेरतपासणी तेथे झाली व पैशांचा ताण हलका झाला. अंगणवाडी सोडवण्याचाही त्यांचा विचार होता, तो मी बदलायला लावला. इतर मुलांमध्ये दोन तास बसणे हीदेखील मुलाची गरज आहे, आणि दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेला आहे, तेव्हा अशा मुलाला परत पाठवण्याचे कारण अंगणवाडीला नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा विषय निघाला तेव्हा वडील प्रथमच बोलले. “एकदा शिक्का बसला की शाळेत, गावात तोच राहील,” ही त्यांची भीती होती. लहान वयात दिले जाणारे प्रमाणपत्र सहसा तात्पुरते असते आणि ठरावीक काळानंतर फेरतपासणी होते, हे त्यांना सांगितले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देतो, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क देतो. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळते, ज्यात काही मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो. प्रमाणपत्र काढायचे की नाही हा निर्णय पालकांचाच, आणि मी त्यासाठी घाई केली नाही. त्यांनी सहा महिन्यांनी अर्ज केला.

याच काळात कोणीतरी त्यांना मूलपेशींच्या (स्टेम सेल) उपचाराची माहितीपत्रके आणून दिली, खर्च काही लाखांचा. शेत विकावे का, असे वडिलांनी मला विचारले. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच घेतली आहे. ‘शंभर टक्के बरे करू’ असे सांगणाऱ्या कोणत्याही जागेपासून दूर राहावे, हे मी कळकळीने सांगते, कारण अशा ठिकाणी गेलेला पैसा पुढच्या कित्येक वर्षांच्या साध्या, उपयोगी मदतीचा असतो. थेरपिस्ट निवडतानाही नोंदणी विचारावी. वाचा-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक व चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करणाऱ्यांची राज्याच्या परिषदेकडे. मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण व वाचेच्या तपासणीसाठी मोठा आधार आहे.

आईसाठी मी जे केले ते थोडेच होते. तिला रात्री झोप लागत नव्हती, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवले. तिचे शिवणकाम दुपारी पुन्हा सुरू व्हावे यासाठी त्या वेळात चिनूला वडिलांच्या पाळीनुसार कोण सांभाळेल, याचे कोष्टक आम्ही सर्वांनी मिळून बनवले. तिला तिची कमाई परत मिळणे हाही मुलाच्या उपचाराचाच भाग आहे, असे मी घरच्यांना सांगितले आणि ते त्यांनी मानले.

चिनू आता साडेचार वर्षांचा आहे. दोन शब्द जोडतो, हाताने जेवतो, बोट दाखवून मागतो. वयाच्या मुलांहून तो अजूनही मागे आहे, नवीन जागी घाबरतो, आणि बौद्धिक विकासाची औपचारिक चाचणी या वर्षी व्हायची आहे. वडील मला विचारतात, “पहिलीपर्यंत बरोबरीला येईल ना?” याचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही आणि तसे मी त्यांना सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना आधीच भेटून यावे, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची गाठ घ्यावी, आणि चिनू काय करू शकतो, कशाने घाबरतो, कसा शांत होतो हे एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांना द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. तो कागद आई सध्या लिहिते आहे.