थर्मल प्लाझ्माने (म्हणजे अतितप्त, विद्युतभारित वायूने) धातूचे नॅनोकण बनवताना कॉम्प्युटर मॉडेल कशाला लागतं?

कारण आत डोकावता येत नाही. प्लाझ्माच्या गाभ्यात तापमान १०,००० केल्विनच्या आसपास असतं, आणि कण तयार होतात ते मिलिसेकंदांत. धातूची वाफ झपाट्याने थंड होते, केंद्रकं (कणांची पहिली सूक्ष्म बीजं) जन्मतात, त्यांवर उरलेली वाफ साचते, कण एकमेकांवर आदळून वाढतात. सगळं जवळजवळ एकाच वेळी. म्हणून आधी प्रवाह, तापमान आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र यांची समीकरणं एकत्र सोडवतात, मग कणांच्या आकाराचं वितरण काढतात.

खरी मेख धातूच्या पृष्ठताणात आहे. केंद्रकनिर्मितीच्या दरात त्याचा घन येतो, तोही घातांकात! किंमत थोडी चुकली तरी दर कित्येक पटींनी बदलतो. त्यामुळे कुठल्याही मॉडेलचे निकाल वाचताना पृष्ठताण कुठून घेतला, हे मी आधी बघतो.