आच्छादन पिके आणि कीड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (संगमेश्वर) : यंदा वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत थोडे सोयाबीन केले. बऱ्याच झाडांचे शेंडे मधूनच वाळले. काढणीनंतर जमीन उघडी राहू नये म्हणून तिथेच चवळी पेरावी का?

उत्तर : आधी शेंडा वाळलेले एखादे झाड नीट पाहावे. खोडावर किंवा पानाच्या देठावर, थोड्या अंतराने, कडे घातल्यासारख्या दोन गोल खाचा दिसल्या, तर ती चक्रीभुंग्याची खूण होय. मादी या खाचांच्या मधल्या भागात अंडी घालते, अळी खोड पोखरत खाली उतरते आणि शेवटी जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर खोड कापून, उरलेल्या खुंटात पुढच्या पावसापर्यंत दडून राहते. खाचा नसतील आणि खोड उभे चिरल्यावर आत लालसर नागमोडी पोखर दिसली, तर ती खोडमाशी. या दोन्ही किडी चवळी-मुगावरही जगतात. त्यामुळे तिथेच लगेच चवळी पेरणे म्हणजे त्यांच्यासाठी दुसरी पंगत मांडणे होईल. खुंट उपटून नष्ट करावेत आणि पुढच्या खरिपात त्या तुकड्यात नाचणी घ्यावी. तोवर जमीन झाकायला वाळलेल्या गवताचा किंवा पालापाचोळ्याचा थर पुरेसा आहे.

कीड नसती, तर मी कुळीथ सुचवला असता. पण तोही काढणी होताच, ऑक्टोबरच्या ओलीवर पेरला तरच साधतो, कारण जांभ्या जमिनीत ओल फार दिवस टिकत नाही. शिवाय गुरे मोकाट सुटली की कुंपण नसलेल्या शेतात हिरवे काही उरत नाही, हे आपण सारेच जाणतो.

प्रश्न (गुहागर) : नारळाच्या बागेत चवळी पेरली आहे. तिच्या शेंड्यांवर काळा मावा दाटला आहे. तो माडांवर जाण्याआधी फवारणी करू का?

उत्तर : करू नये. चवळीवरचा हा काळा मावा मुख्यतः शेंगवर्गीय पिकांवरचा आहे, माड हे त्याचे खाद्य नव्हे. सकाळी शेंडा वाकवून पाहिलात, तर माव्याच्या गर्दीत तोच मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या करड्या, नारिंगी ठिपक्यांच्या, चपळ अळ्या फिरताना दिसतील. घाईने फवारले, तर माव्याबरोबर या अळ्याही मरतात. चवळी शेंगांसाठी नसून आच्छादनासाठीच असेल, तर फुलोऱ्यावर येताच कापून माडाच्या आळ्यात पसरावी. मात्र सगळी एकदम न कापता ओळीआड कापावी, म्हणजे मित्रकीटकांना आसरा राहतो. माडाला खरी भीती गेंड्या भुंग्याची आहे, आणि तो हिरव्या चवळीत नव्हे, तर शेणखताच्या जुन्या उकिरड्यात व कुजलेल्या माडाच्या खोडात वाढतो.

प्रश्न (कुडाळ) : भातापूर्वी धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) गाडल्यास खोडकिडा वाढतो, असे शेजारी म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : धैंचा स्वतः खोडकिडा आणत नाही. मात्र धैंच्यातून नत्र मिळतेच; तो गाडून वर नेहमीइतकाच युरिया टाकला, तर भात हिरवेगार आणि लुसलुशीत होते. असे भात खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी आणि करपा रोग या तिघांनाही आवडते. त्यामुळे युरियाची मात्रा कमी करावी. खरी अडचण वेळेची आहे : धैंचा फुलोऱ्याच्या सुमारास, म्हणजे पेरणीनंतर 45 ते 50 दिवसांनी गाडायचा असतो, आणि मृगाच्या पावसावर पेरला तर लावणी लांबते. पाण्याची सोय असेल, तर मेमध्येच पेरावा. नसेल, तर बांधावरच्या गिरिपुष्पाचा (हिरवळीच्या खतासाठी लावतात त्या झाडाचा) कोवळा पाला चिखलणीच्या वेळी तुडवून घ्यावा.

प्रश्न (दापोली) : आच्छादन घातल्यापासून भाजीच्या वाफ्यांत गोगलगायी फार झाल्या आहेत.

उत्तर : पावसाळ्यात असे होतेच, ओलसर सावली हेच त्यांचे घर. रोपे लहान असेपर्यंत बुंध्याभोवतीची वीतभर जागा उघडी ठेवावी. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाला पसरावीत, सकाळी उजाडताच त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हातमोजे घालूनच वेचाव्यात, कारण त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी जंत असू शकतात.