मागे हो, पुन्हा पहिल्यापासून

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अहमदाबादच्या गोल्फ सामन्यात समोरच्या मुलीनं तुझे फूटभराचे पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचे हलके फटके, सकाळपासून न मागता दिले, न मारताच चेंडू आत गेला असं धरलं, आणि सोळाव्या होलवर मात्र ती गप्प उभी राहिली. तू गोंधळलीस, घाईनं पट मारलास, हुकला. आता विचारतेस, ‘काका, हे शोभतं का?’ नाही शोभत. पण मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोर एकेक होल जिंकायच्या खेळात, पट द्यायचा की नाही, हे तिच्या मर्जीवर आहे. तिनं नियम मोडला नाही. तू मात्र पट मारण्याआधीचा तुझा ठरलेला क्रम मोडलास, आणि मला राग आलाय तो त्याचा.

बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या आपल्या मैदानावर ऐन पटिंगच्या वेळी मोर ओरडला की तू काय करतेस? मागे होतेस. चेंडूच्या मागून लाइन बघतेस, दोनदा हात फिरवतेस, मग उभी राहतेस. मोराचा राग येत नाही तुला. मग माणसाचा कशाला? मागे हो, पुन्हा पहिल्यापासून.

2015 च्या सोलहाइम कपात, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप अशा महिलांच्या सामन्यांत, जर्मनीत, अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीनं सतराव्या होलवर जेमतेम दीड फुटाचा पट दिलाय असं समजून चेंडू उचलला. समोरच्या युरोपच्या जोडीतली सुझान पेटरसन म्हणाली, दिलेला नव्हता. तो होल गेला, सामनाही गेला. पेटरसननं पुढे माफी मागितली, पण निकाल तोच राहिला. तेव्हा ‘दिला’ हे कानांनी ऐकल्याशिवाय चेंडूला हात लावायचा नाही.

समोरच्या खेळाडूनं फटक्याआधी ‘कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी घेतलीस?’ विचारलं तर गप्प राहा. विचारणंही चूक, सांगणंही चूक, होल जातो. स्विंगचं कौतुक सुरू झालं तर ‘थँक यू’ म्हण आणि मागे हो.

पत्रात म्हणतेस, ‘सारखी मागे झाले तर लोक नाटकी म्हणतील.’ म्हणू देत गं! नियमांत फटक्याला 40 सेकंदांची शिफारस आहे, आणि तीही व्यत्यय संपल्यापासून मोजायची. तुझा क्रम त्यात आरामात बसतो, मी घड्याळ लावून पाहिलंय. मलाही क्लबात खडूस म्हणतात. एक गृहस्थ माझ्या पटाच्या वेळी खिशातली नाणी वाजवायचे. मी प्रत्येक वेळी मागे व्हायचो, नाणी थांबेपर्यंत. त्यांनी माझ्याबरोबर खेळणं सोडलं, पुढे बोलणंही. गप्पांना फार चांगला माणूस होता, अजून चुटपुट लागते. तरी मी तेच करीन. त्यांच्याशी भांडलो नाही, टोमणा मारला नाही, फक्त मागे झालो. यात माझं काय चुकलं?

रविवारी सकाळी सहाला ये. तीन फुटांवरून पट मारायचे. मी खोकेन, बोलेन, मध्येच चालेन. एकदा जरी घाई केलीस तर मोजणी पुन्हा शून्यापासून. परतायला उशीर होईल, आईला आधीच सांगून ये.

तुझा,
काका