घटसर्पाची लस यंदाच टोचा, सूक्ष्मकणांसाठी थांबू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासवडजवळ सहा म्हशी आहेत. घटसर्पाचं इंजेक्शन दिलं की गाठ येते, दोन दिवस दूध घटतं. सूक्ष्मकणांची लस एकदा टोचली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही असं वाचलंत, तर यंदा थांबावं का?

थांबू नका. पावसाआधी सगळ्या जनावरांना टोचून घ्या. घटसर्प म्हशीला गाईपेक्षा जोरात धरतो. घसा सुजून घरघर लागली की पुष्कळदा एक दिवसही हातात उरत नाही. डॉक्टर पोचेपर्यंत आडवी झालेली म्हैस मी इतक्या वेळा पाहिली आहे की या बाबतीत मला धीर धरवत नाही. आपल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ही लस तयार होते. दवाखान्यात आजच चौकशी करा. आणताना मात्र बर्फाला चिकटवून गोठवू नका. तुरटीवर बसवलेली लस गोठली की वाया गेली.

आता कणांविषयी. विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे असतात, त्याच जातीचा पीएलजीए घेऊन त्याच्या काही मायक्रॉनच्या गोळ्यांत जंतूचं प्रथिन कोंडतात. अंगात गेल्यावर भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं पाणी आतवर मुरतं, गोळी फुटत जाते, प्रथिन हळूहळू सुटतं. पीएलजीए ज्या दोन आम्लांपासून बनतो, ते लॅक्टिक आणि ग्लायकोलिक भाग निम्मे-निम्मे असले तर महिना-दोन महिन्यांत ती संपते. लॅक्टिक ७५ टक्के केलं तर चार-पाच महिने टिकते. म्हणजे पहिला डोस आणि बूस्टर एका सुईत बसवता येतात. वर्षानुवर्षांची हमी त्यात नाही.

अडचणही गोळीच्या पोटातच आहे. विरघळताना आत आम्ल साचतं आणि नाजूक प्रथिन तिथेच बिघडतं. शिवाय खर्च. तुरटीच्या लसीचं संरक्षण चार-सहा महिने टिकतं, तेलात मिसळलेल्या लसीचं नऊ ते बारा, आणि दोन्ही स्वस्त आहेत. कण पाजावेत म्हटलं तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू लसीचं प्रथिनही चाऱ्यासारखं फोडून टाकतात. नाकातून देणं मला जास्त पटतं, कारण घटसर्पाचा जंतू नाका-घशातूनच शिरतो.

पण माझी खरी आशा ब्रुसेलोसिसवर, म्हणजे सांसर्गिक गर्भपातावर आहे. त्याचा जंतू मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत लपतो, म्हणून मेलेल्या जंतूंची लस तिथे तोकडी पडते. आणि हे कण मॅक्रोफेज आपण होऊन गिळतात! लस नेमकी जंतूच्या बिळात पोचते. आज आपण एस-१९ ही जिवंत लस टोचतो. सुई चुकून स्वतःच्या हाताला लागली तर टोचणाराच आजारी पडतो. माझ्या एका सहकाऱ्याला असा ताप कित्येक महिने येत-जात होता. निर्जीव प्रथिन कणांत घालून तेवढंच संरक्षण मिळालं, तर ही भीतीच संपेल.

तोवर तुमच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी पारड्यांना एस-१९ एकदा टोचून घ्या, गाभण म्हशीला देऊ नका, आणि पारडी धरणाऱ्यालाही हातमोजे घालायला लावा.